मदत हवी आहे: दादरा ताल मुलांच्या पायात कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दुसरी-तिसरी एकत्र बसतात, वाद्यं म्हणाल तर एक ढोलकी आणि थोडी लेझीम. गॅदरिंग आलं की मोबाइलवर गाणं लावून स्टेप्स पाठ करून घ्यायच्या हे मला अजिबात पटत नाही, गाणं बदललं की पोरं परत कोरीच राहतात. लय त्यांच्या अंगात उतरली पाहिजे असं मला फार वाटतं.

केरवा ताल जमलाय. ८ मात्रा (ठोके) गोलात चालायच्या, समेला म्हणजे पहिल्या मात्रेला उजवा पाय दणकन, पाचवीला खाली (बिनजोराची मात्रा) म्हणून फक्त हात हवेत फिरवायचा, एवढ्यावर सगळा वर्ग मस्त चालतो. लेझीममुळे चाराच्या हिशोबाची सवय आहेच ना त्यांना.

सहा मात्रांच्या दादऱ्याला मात्र गाडी अडते. धा धी ना, धा ती ना तोंडाने एकदम बरोबर म्हणतात, पण सम उजव्या पायावर आली की चौथी मात्रा डाव्यावर येते आणि तिथेच घोळ होतो, धा म्हटलं की उजवाच पाय पाहिजे म्हणून दर तीन मात्रांनंतर एक जास्तीचं पाऊल टाकतात, सहाचे आठ होतात आणि परत केरवाच सुरू! जागेवर उभं राहून तीन मात्रा उजवीकडे, तीन डावीकडे डुलायला लावलं तर छान जमतं, पण डुलण्यातून चालण्यात आणायचं कसं?

स्वित्झर्लंडचे एमिल जाक-दालक्रोझ चालण्या-धावण्यातून लय शिकवायचे, ते वाचलंय. पण त्यात शिक्षक पियानोवर मुलांच्या चालीप्रमाणे वाजवतो. माझे दोन्ही हात ढोलकीत अडकलेले, पावलं दाखवायची कोणी? आपल्याकडे वारकऱ्यांची पावली आहे, भोंडल्याचा फेरा आहे, फुगड्या आहेत, त्यातलंच काहीतरी वापरावं असं मनात आहे, फक्त फुगडी म्हटलं की मुलगे लगेच "हे मुलींचं" म्हणून भिंतीला टेकतात.

अजून एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वर्गात एका मुलीच्या पायात जोर कमी आहे. तिला कोपऱ्यात बसवून टाळ्या वाजवायला सांगणं मला नको वाटतं, बाकीच्यांनी तिच्याकडे बघून सम पकडावी असं काही करता येईल का?

कोणी प्राथमिकच्या मुलांना तबला किंवा कथक शिकवत असेल तर प्लीज सांगा, तुम्ही दादरा कुठल्या हालचालीपासून सुरू करता? आणि लय धावायला लागली की न ओरडता मागे कशी खेचता?