फोटोवाल्याची हार्डडिस्क लावली की माउस अडकत चालतो

कोरलवाली:
मंडळी, संगमनेरला आमचं पत्रिका-फ्लेक्सचं दुकान आहे. दिवसभर कोरलड्रॉ, म्हणजे डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. तुळशीचं लग्न लागलं की इथे पाणी प्यायला फुरसत नसते, आणि माउसला आजारपण नेमकं तेव्हाच सुचतं.

होतं असं की स्क्रीनवरचा बाण हाताच्या मागून येतो. मध्येच थबकतो, मग उडी मारून भलतीकडेच. गणपतीच्या सोंडेचा कर्व्ह काढताना एक नोड, म्हणजे रेषेवरचा बिंदू, धरायला जावं तर शेजारचा हलतो. वधूच्या नावावरचा अनुस्वार केसभर डावीकडे घ्यायचा, तर तो जाऊन बसतो वराच्या आडनावावर. गिऱ्हाईक मागे खुर्चीत बसून बघत असतं, म्हणतं, "ताई, तुम्हाला जमत नाहीये का?"

सेल बदलला, पॅड बदललं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'ची टिक काढली. एका रिपेअरवाल्याने विंडोज नवीन टाकून दिलं. त्याचे पैसे गेले, माउस होता तसाच.

आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, एसएसडी, ६० हर्ट्झचा मॉनिटर. माउस वायरलेस, डोंगलवाला, म्हणजे यूएसबी पोर्टला खोचायचा छोटा रिसीव्हर. कीबोर्ड वायरचा आहे, तो ठणठणीत.

एक शंका आहे. फोटोग्राफर लोक अल्बमचे फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर आणतात. ती लावली की त्रास वाढतो. त्यातल्या एकाची डिस्क तर अशी की बाण जवळजवळ मरतोच. नवरा म्हणतो, कॉपी चालू असताना पीसी दमणारच. पण टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू वीस टक्क्यांच्या वर जात नाही. मग दमतंय कोण?

नवीन पीसी घ्यावा का? बजेट विचारू नका.

फ्रेमड्रॉप:
पोलिंग रेट बघा. साधे माउस १२५ हर्ट्झवर चालतात, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा पीसीला कळवतात. गेमिंग माउस १००० हर्ट्झ, दर १ मिलिसेकंदाला. शिवाय ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. १४४ हर्ट्झचा घ्या, वीसिंक (चित्र मॉनिटरच्या फ्रेमशी जुळवून दाखवायची सेटिंग) बंद करा, फरक हातालाच कळेल.

जुना_कंपोझिटर:
अरे बाबा, त्यांना अनुस्वार हलवायचाय, हेडशॉट नाही मारायचा. ८ मिलिसेकंदांनी बाण वराच्या आडनावावर जात नाही.

ताई, आधी एक बघा. बाण स्वतः अडकतो, की बाण नीट पळतो आणि चित्र त्याच्या मागून येतं? विंडोजमध्ये बाण सहसा ग्राफिक्स कार्ड वेगळा काढतं, त्यामुळे कोरल गुदमरलं तरी बाण फिरत राहतो. चित्र मागे पडत असेल तर दोष फाइलचा. दहा बाय वीसचा फ्लेक्स, त्यावर पाच पुढारी, प्रत्येकाला ड्रॉप शॅडो आणि ट्रान्स्परन्सी... व्ह्यू मेनूतून वायरफ्रेम, म्हणजे नुसत्या रेषा, करून बघा, लगेच हलकं होईल.

कोरलवाली:
दादा, पुढारी सात असतात, पाच नाही. पण नाही, बाणच उडतो. कोरल बंद करून रिकाम्या डेस्कटॉपवर फिरवला तरी तेच. वायरफ्रेममध्येही तेच.

सोल्डर_आणि_चहा:
मग कोरल सुटलं. डोंगल कुठल्या पोर्टला आहे? आणि डिस्क?

कोरलवाली:
दोन्ही कॅबिनेटच्या पुढे. निळे दोन पोर्ट आहेत शेजारी शेजारी, एकात डोंगल, दुसऱ्यात आलेल्या माणसाची डिस्क.

सोल्डर_आणि_चहा:
सापडलं बहुतेक. निळं म्हणजे यूएसबी ३.०. त्यातून डेटा ५ गिगाबिट प्रति सेकंद या वेगाने जातो, आणि त्या वेगाला पोर्टमधून, वायरीतून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो आणि तुमचा माउस त्याच पट्ट्यात बोलतो. कानाशी डीजे लावून समोरच्याचं कुजबुजणं ऐकायचं, तशी त्या डोंगलची गत. माउसचे संदेश गळतात, पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून बाण थबकतो आणि मग उडी मारतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर कागद काढला होता, तरी कॅबिनेटवाले दोन्ही पोर्ट शेजारीच देतात. कीबोर्ड वायरचा, त्याला हवेतल्या गोंगाटाशी देणंघेणं नाही.

एकाच फोटोग्राफरच्या डिस्कने जास्त होतं, ते बहुधा त्याच्या वायरीमुळे. मूळची वायर हरवली की लोक मिळेल ती स्वस्त घेतात, तिला आतून शील्डिंग, म्हणजे गोंगाट अडवणारं आवरण, धड नसतं.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. कुणाचा तरी वायरचा माउस मागून आणा, त्याच पोर्टला लावा आणि कॉपी चालू करा. तोही अडकला तर तुमचे यजमान बरोबर, मग लेटन्सीमॉन नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर टाकून कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते बघू. नाही अडकला तर रेडिओचंच दुखणं.

खात्री झाली की डिस्क हलवू नका. मागच्या काळ्या यूएसबी २.० पोर्टला लावलीत तर गोंगाट थांबेल, पण कॉपी कासवाच्या चालीने होईल आणि फोटोग्राफर डोकं खाईल. डोंगल हलवा. साधी यूएसबी २.० एक्स्टेंशन वायर घ्या, मीटर-दीड मीटरची, मागच्या काळ्या पोर्टला लावा आणि डोंगल टेबलावर माउसजवळ आणा. नुसता मागच्या पोर्टला खोचू नका, मध्ये कॅबिनेटचा पत्रा येतो.

कोरलवाली:
शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा वायरचा माउस आणला. त्याच त्रासदायक डिस्कवरून कॉपी लावली. लोण्यासारखा चालला! झेरॉक्सवाला आता परत मागतोय.

मग एक्स्टेंशन आणली. डोंगल मॉनिटरच्या पायाशी चिकटपट्टीने लावलंय. डिस्क निळ्या पोर्टला, कॉपी चालू, आणि मी सोंडेचे नोड उचलतेय एकेक. यजमान म्हणाले, "मी म्हटलंच होतं वायरीचं काहीतरी असणार." असं ते म्हणाले नव्हते.

एकच राहिलं. चहा पिऊन आले की पहिला क्षणभर माउस हलत नाही. हेही तेच का?

सोल्डर_आणि_चहा:
नाही, तो झोपतो. सेल वाचवायला बरेच वायरलेस माउस स्वतःच झोपतात, एक क्लिक केलं की जागे होतात. फारच वेळ लागत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून बघा. क्षणभरच असेल तर राहू द्या, सेल जास्त टिकेल.

फ्रेमड्रॉप:
थांबा थांबा. माझे ब्लूटूथ हेडफोन गेम इन्स्टॉल करताना तुटक वाजतात. गेम बाहेरच्या एसएसडीवर आहेत. म्हणजे...?

सोल्डर_आणि_चहा:
ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झमध्येच. रिसीव्हर कुठे लावलायस आणि त्याच्या शेजारी काय आहे, फोटो टाक.