मदत हवी आहे : क्लॅनमध्ये नवे सदस्य घेताना पात्रतेचे निकष कोणते ठेवावेत?

विक्रोळीकर
नमस्कार. आमच्या मोबाइल गेममधल्या क्लॅनमध्ये (खेळाडूंच्या गटात) येऊ इच्छिणाऱ्यांची संख्या वाढली आहे, परंतु आलेली माणसे आठवडाभरही टिकत नाहीत, आणि जी टिकतात त्यांपैकी काही जण ऐन वॉरमध्ये (दुसऱ्या क्लॅनशी होणाऱ्या लढाईत) अटॅक न करताच राहतात. म्हणून यापुढे रीतसर अर्ज घेऊनच प्रवेश द्यावा, असे ठरवले आहे. अर्जात कोणते प्रश्न असावेत आणि किमान पात्रता काय असावी, हे कृपया आज रात्रीपर्यंत सांगावे, कारण लीगची नोंदणी तोंडावर आली आहे. कोणाकडे तयार नमुना असल्यास तोच द्यावा.

रात्रपाळी
खेळ कोणता, हे आपण लिहिलेले नाही. सदस्य किती आहेत आणि सध्या प्रवेश कोण देते, हेही कळवावे. त्याशिवाय निकष सुचवणे कठीण आहे.

विक्रोळीकर
वॉर आणि लीग म्हटल्यावर क्लॅश ऑफ क्लॅन्स हे उघड आहे, असे मला वाटले. सदस्य चाळीसच्या आसपास, बहुतेक विक्रोळी ते ठाणे पट्ट्यातले, नोकरदार किंवा महाविद्यालयीन. मला नमुना हवा आहे.

दादरचा शिलेदार
नमुन्याची गरजच नाही. क्लॅनच्या सेटिंगमध्ये किमान टाउन हॉलची (गावाच्या मुख्य इमारतीची) पातळी वाढवून ठेवा, म्हणजे अर्धवट बेस (गाव) घेऊन येणारे परस्पर गळतील. आमच्याकडे हाच एक नियम आहे आणि तो पुरेसा ठरला आहे.

मुलुंडची मीनल
शिलेदार, मी याच्याशी सहमत नाही. टाउन हॉल उंच असला म्हणजे माणूस वेळेवर हजर राहतो असे मुळीच नाही. उलट भिंती आणि संरक्षण मागे ठेवून केवळ टाउन हॉल पुढे नेलेले कितीतरी बेस दिसतात. साध्या वॉरमध्ये प्रत्येकाला २ अटॅक मिळतात, पण लीगमध्ये सलग ७ वॉर असतात आणि प्रत्येकात माणशी १ अटॅक असतो. १५ विरुद्ध १५ च्या सामन्यात एक जण गैरहजर राहिला, तर ४५ पैकी ३ तारे (एका अटॅकला जास्तीत जास्त तेवढेच मिळतात) न लढताच हातचे जातात. म्हणून निकष हजेरीचा असावा. अर्जदाराला आधी फ्रेंडली चॅलेंज (क्लॅनमधल्याच बेसवरचा सरावाचा अटॅक) द्यावे, त्यात सैन्य खर्च होत नाही. मग त्याला एका साध्या वॉरमध्ये घ्यावे आणि दोन्ही अटॅक झाले तरच लीगच्या यादीत नाव घालावे.

गिरगावचा वकील
वयाचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. आपले बोलणे डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर होत असेल, तर तिथेही किमान वय १३ आहे.

रात्रपाळी
वकीलसाहेब, व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्याच कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे, आणि विक्रोळीकरांनी कायद्याविषयी विचारलेलेही नाही. तरी जन्मतारीख, फोन नंबर, महाविद्यालयाचे नाव असले काही मागूच नये, हे मात्र मला पटते. प्लेयर टॅग (खेळातला खेळाडूचा ओळख क्रमांक) पुरेसा आहे.

मुलुंडची मीनल
नमुना हवाच असेल तर अर्जात प्लेयर टॅग, याआधीचा क्लॅन सोडण्याचे कारण, आणि दिवसातील कोणत्या वेळी निवांत अटॅक करता येतो, एवढेच विचारा. तिसरा प्रश्न मुंबईत सर्वांत महत्त्वाचा आहे. साध्या वॉरमध्ये तयारीचे २३ तास संपल्यावर लढाईचे २४ तास सुरू होतात. ते संध्याकाळी सातला संपत असतील, तर शेवटच्या क्षणासाठी अटॅक राखून ठेवणारी निम्मी मंडळी त्या वेळी लोकलच्या दारात लटकलेली असतात, आणि अटॅकच्या मधोमध नेटवर्क गेले की तो फुकट जातो. आम्ही साधे वॉर रात्री अकराच्या सुमारास सुरू करतो, म्हणजे शेवटचे तास लोक घरी पोचल्यावर येतात.

रात्रपाळी
रात्री अकराला मी कामावर असतो, त्यामुळे सर्वांना एकच वेळ सोयीची असेल असे धरून चालू नये. असो. विक्रोळीकर, प्रवेश कोण देते याचे उत्तर अजून आलेले नाही.

विक्रोळीकर
मी, दोन को-लीडर आणि एल्डर. एल्डर बरेच आहेत, जुन्या सदस्यांना मानाने दिलेले पद आहे. ओळखीचा कोणी असला की ते लगेच आत घेतात.

रात्रपाळी
मग अडचण इथे आहे. एल्डरला विनंती मंजूर करता येते, त्यामुळे आपण कितीही काटेकोर अर्ज केला तरी मित्र आणि चुलतभाऊ त्याला वळसा घालून येत राहतील. आपण सांगता ते अटॅक न करणारे सदस्य विनंती करून आले, की ओळखीने?

विक्रोळीकर
बहुतेक ओळखीने.

दादरचा शिलेदार
तरीही टाउन हॉलची अट ठेवावीच, असे माझे मत आहे.

मुलुंडची मीनल
ठेवा, पण ती चाळणी म्हणून, निकष म्हणून नव्हे. एल्डरांचे पद काढू नका, माणसे दुखावतील. ओळखीच्या माणसालाही तेच चाचणी वॉर द्यावे लागेल आणि ज्याने आत आणले त्यानेच त्याच्या हजेरीची जबाबदारी घ्यावी, एवढे सर्वांसमोर ठरवा.

विक्रोळीकर
हे पटले. आज रात्री एल्डरांशी बोलतो. या महिन्याच्या लीगमध्ये नवीन कोणालाच घेणार नाही, जुन्या पंधरांवरच खेळू. मीनलताई, फ्रेंडली चॅलेंजसाठी बेस अर्जदाराच्या पातळीचा ठेवायचा, की आमच्या सर्वांत भक्कम बेसवर पाठवायचे?

मुलुंडची मीनल
त्याच्याच पातळीचा. भक्कम बेसवर सगळेच हरतात, त्यातून काही कळत नाही.