उदगीर तालुक्यातील एका इनामाची कथा सरकारी दप्तरात शोधावी तरी कोठे?

बालाघाटी:
आमचे गाव उदगीर तालुक्यात आहे. गावच्या भैरवनाथाच्या दिवाबत्तीसाठी निजामाच्या काळी जमीन इनाम होती, तिच्यावरून भावकीत वाद झाला आणि निकाल विरुद्ध गेल्यावर एक घर कायमचे गाव सोडून गेले, ही हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गेल्या दिवाळीत आजोबांच्या लोखंडी पेटीत उर्दूतला एक कागद निघाला. त्यावर गोल शिक्का आहे. एका वृद्ध शिक्षकांनी ‘मुंतखब’ हा शब्द आणि 1320 हे साल तेवढे वाचून दिले. 1320 हे हिजरी मानून मी 1902 साल धरले आणि लातूर जिल्ह्याच्या जुन्या नोंदींत त्या सालाच्या आसपासचे कागद मागत हिंडलो, पण हाती काहीच लागले नाही. शोधाची दिशा चुकते आहे काय?

गोदाकाठ:
दिशा दोन ठिकाणी चुकली आहे. पहिली चूक जिल्ह्याची. लातूर जिल्हा 1982 साली झाला. त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते, पण उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. म्हणून निजामकालीन सूचीत उदगीर बीदरखाली पाहावे लागते. अंबाजोगाईकरांची अडचण याहून निराळी, कारण त्या कागदांत त्यांचे गाव ‘मोमिनाबाद’ या नावाने असते आणि नवखा माणूस त्यावरून नजर फिरवून पुढे जातो.

दुसरी चूक सालाची. हैदराबाद संस्थानच्या महसुली कागदांत बहुधा फसली साल, म्हणजे सारावसुलीसाठीची वेगळी कालगणना, असते. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, मात्र त्या काळचे तेथील फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असे. फसली 1320 म्हणजे ऑक्टोबर 1910 ते ऑक्टोबर 1911. हिजरी आणि फसली यांचा घोळ झाला की आठ-नऊ वर्षांचा फरक पडतो आणि तेवढ्यात कागदांचा बस्ताच बदलतो. महिन्याचे नाव वाचून घ्या. आजूर, दै, बहमन असे असेल तर फसली. मोहरम, सफर असे असेल तर हिजरी.

दप्तरवाचक:
मुंतखब म्हणजे इनामाच्या चौकशीनंतर दिलेला मंजुरीचा उतारा. इनाम कोणाच्या नावे, कोणत्या सेवेसाठी, हिस्सेदार कोण, एवढे त्यातून कळते, परंतु तुमची कथा तेथे नाही. ती चौकशीच्या मिसलीत, म्हणजे प्रकरणाच्या फाइलीत, असेल. या खात्याला ‘अतियात’ म्हणत, आणि 1948 च्या पोलीस कारवाईत निजामाची राजवट संपल्यानंतरही 1952 च्या अतियात चौकशी कायद्याखाली अशी प्रकरणे चालत राहिली. त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ‘इनाम’ आणि ‘अतियात’ या दोन्ही शब्दांनी विचारणा करावी. 1954-55 च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कलही काढावी. पुढे जमीन कोणाच्या ताब्यात राहिली ते त्यावरून समजेल.

माझा अनुभव असा की सरकारी दप्तरात साधा माणूस दिसतो तो बहुधा भांडताना किंवा काही मागताना. ज्या गावात तंटा झाला नाही, त्याचे दप्तरात आकड्यांपलीकडे फारसे काही उरत नाही. एका देवस्थानाच्या मिसलीत मला भावाने भावाविरुद्ध दिलेला अर्ज सापडला. अर्ज कारकुनाच्या घसटत्या उर्दूत होता आणि खाली मोडीत ‘दस्तुर खुद्द’ होते. पुराव्यादाखल जोडलेल्या जुन्या महजराच्या, म्हणजे गावसभेच्या निवाडपत्राच्या, तळाशी पाटलाच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी काढलेली होती. साक्षीदारांच्या जबान्यांतून मात्र गावच उभे राहिले: बारवेवर पाण्याची पाळी कोणाची, देवळात तेल कोण घाली, दुष्काळात पूजा कोणी सोडली. तेलाचा खर्च एकाने निजामाच्या हाली रुपयांत सांगितला होता, दुसऱ्याने इंग्रजी कलदारात. सात हाली म्हणजे सहा कलदार हे ध्यानात येईपर्यंत मी दोघांपैकी एकाला लबाड समजत होतो.

गोदाकाठ:
यात एक भर घालतो. अर्ज लिहिणाऱ्या वकिलाला मंजुरी हवी असे, म्हणून प्रत्येक अर्जदाराचे इनाम ‘कदीम’, म्हणजे पुरातन, आणि सेवा अखंड असते. उलट बाजूचा जबाब हाती येईपर्यंत त्यावर गावाचा इतिहास लिहू नये. जिल्ह्यात मिसल मिळाली नाही तर हैदराबादच्या तारनाका भागातील राज्य अभिलेखागारात जावे लागेल. जाताना मुंतखबाची स्वच्छ छायाप्रत आणि शिकस्ता, म्हणजे ती घसटती उर्दू लिपी, वाचणारा माणूस सोबत असावा. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना बरीच मागणी आली आहे, तेव्हा माणूस आधीच ठरवून ठेवा.

बालाघाटी:
आपणा दोघांचा आभारी आहे. काल पुन्हा कागद घेऊन गेलो. महिना ‘बहमन’ आहे, म्हणजे 1910 च्या डिसेंबरचा सुमार. आजोबांचा जन्म 1904 चा. त्या घराची बैलगाडी वेशीबाहेर जाताना आपण देवळाच्या ओट्यावरून पाहिली, असे ते नेहमी सांगत, आणि 1902 साल धरून बसल्यामुळे मी ते ऐकीव म्हणून सोडून दिले होते. पुढच्या आठवड्यात बीदरखालच्या नोंदींसाठी अर्ज देतो.