मदत हवी आहे: व्हिएतनाम ८ दिवस, प्लॅन नजरेखालून घाला (तातडीने)

पावशेर
नमस्कार मंडळी. व्हिएतनामला चाललोय, ८ दिवस. विमानाची तिकिटं काढून झालीत. प्लॅन असा: हनोई १ दिवस, सापा १, हा लाँगची क्रूझ १, तिथून दा नांग (बा ना हिल्स, होई आन) २, सायगॉन १, फु क्वोक १ आणि परत. जमेल ना? बायको म्हणते धावपळ होईल. उद्या दुपारपर्यंत हॉटेलं बुक करायची आहेत, तेव्हा फाटे न फोडता सरळ उत्तर द्या. आणि शाकाहाराचं काय करतात तिकडे?

नकाशाबहाद्दर
कधी जाताय? किती जण? उतरणार कुठे आणि परतीचं विमान कुठून? हे कळल्याशिवाय सरळ उत्तर कसं देणार?
तोवर एवढंच सांगतो: हनोई ते सापा रस्त्यानं सव्वातीनशे किलोमीटर, बसला ५ ते ६ तास. रात्रीची रेल्वे सापाला जातच नाही, लाओ काईला उतरवते. तिथून पुढे तासभर घाट. 'सापा १ दिवस' म्हणजे जाणं आणि येणं.

तांबडापांढरा
८ दिवसांत ६ ठिकाणं. हे पर्यटन आहे की कुरियर?

पावशेर
अहो, तारखा लिहायच्या राहिल्या. भाऊबीज झाली की निघतोय, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. मुंबई-हनोई थेट, पहाटे ६ ला उतरतो. परतीचं आठव्या दिवशी रात्री सायगॉनहून. दोन्ही तिकिटं रद्द होत नाहीत. आता सांगा.

प्राजक्ता_घाटावरची
नोव्हेंबर असेल तर दा नांग आणि होई आन काढून टाका. हे सगळ्यात आधी.

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण साडेसोळाशे किलोमीटर पसरलाय, त्यामुळे 'व्हिएतनामचा सीझन' असं काही नसतं. तिथे तीन वेगवेगळे पावसाळे आहेत. मधल्या पट्ट्यात लाओसच्या सीमेलगत त्रुओंग सोन डोंगररांग उभी आहे. आपल्याकडे जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा येतो तेव्हा कोकण भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं. तसंच त्या दिवसांत तिथे डोंगरापलीकडचा लाओस भिजतो आणि अलीकडचं दा नांग कोरडं राहतं. वारा ईशान्येचा झाला की पारडं फिरतं. समुद्रावरून ओल घेऊन तो थेट पूर्वेच्या उतारावर आदळतो. चेन्नईला पाऊस दिवाळीच्या सुमाराला का येतो, त्याचंच हे उत्तर. ह्वे, दा नांग, होई आन इथे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे सर्वांत ओले महिने.

होई आनचं जुनं गाव थू बॉन नदीच्या काठाला, जवळजवळ पाण्याच्याच पातळीवर आहे. तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांत माडीच्या तक्तपोशीला एक झडप असते. पूर आला की खालचा माल त्या झडपेतून दोरानं वर ओढून घ्यायचा. तान की नावाच्या घरात कोणत्या वर्षी पाणी कुठवर चढलं त्या खुणा भिंतीवर लावून ठेवल्यात, १९६४ ची खूण माणसाच्या डोक्याच्या वर आहे. गावानं घरंच पुराच्या हिशेबानं बांधलीत, म्हणजे पूर किती नेमानं येत असेल बघा.

चकलीवाला
प्राजक्ताताई, उगाच घाबरवू नका. पाऊस काय रोज पडतो? नोव्हेंबरात कोरडे दिवसही असतात, गर्दी कमी असते, हॉटेलं निम्म्या भावात मिळतात. लाखभर खर्च करून गेलेला माणूस बा ना हिल्सवरचा तो सोनेरी पूल न बघता परत येणार का?

प्राजक्ता_घाटावरची
चकलीवाले, १५ दिवस हाताशी असतील तर तुमचं बरोबर. कोरड्या दिवसाची वाट बघत बसता येईल. यांच्याकडे तिथे दोनच दिवस आहेत. आणि तुमचा सोनेरी पूल (२०१८ मध्ये उघडला, दोन दगडी हातांचा आहे म्हणतात, प्रत्यक्षात जाळी आणि फायबरग्लास) १४०० मीटरवर आहे. खाली रिमझिम असली की वर दाट धुकं. फोटोत हातसुद्धा दिसत नाहीत. रोप-वेचं तिकीट त्या दिवसाचं महागातलं तिकीट, आणि धुक्याचे पैसे कुणी परत देत नाही. दा नांगच्या 'मी खे' नावाच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत लाल बावटे असतात, पाण्यात उतरू देत नाहीत.

रानवारा
विमान कशाला? हनोईहून रेल्वेनं दक्षिणेला जा! हनोई-सायगॉन १७२६ किमी, मीटरगेज. मऊ गादीच्या ४ जणांच्या कूपेत तिकीट काढा, कडक गादीच्या ६ जणांच्या कूपेत सगळ्यात वरचा बर्थ मिळाला तर उठून बसताही येत नाही. ह्वे ते दा नांग हा १०० किमीचा तुकडा तर स्वर्ग. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची खिडकी घ्यायची, हाय वानचा घाट आणि समुद्र त्याच बाजूला.

नकाशाबहाद्दर
रानवारा, हनोई-सायगॉन ३२ ते ३६ तास लागतात. ८ दिवसांतले दीड दिवस डब्यात? शिवाय जोराच्या पावसात दरडी कोसळून गाड्या थांबतात त्या त्याच हाय वान-लांग कोच्या टप्प्यात. मार्चमध्ये जाणाऱ्याला सांगा हे, मी पण +१ देईन.

पावशेर, किती जण ते अजून सांगितलं नाहीत.

पावशेर
चौघं. मी, बायको, मुलगा (११) आणि आई. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन मजले चढते, त्यापुढे नाही. दा नांगचं विमान बुक झालंय हो, त्याचं काय करू? हॉटेल अजून घेतलेलं नाही.

तांबडापांढरा
आई आहेत हे आत्ता सांगताय?

नकाशाबहाद्दर
दा नांगच्या तिकिटाचे पैसे गेले समजा. देशांतर्गत तिकीट आहे, घाव लहान आहे. सापा आणि फु क्वोकही वगळा. सापाची भातशेती सप्टेंबरात पिवळी असते, नोव्हेंबरात कापून झालेली चिखलाची खाचरं दिसतील. नोव्हेंबर उत्तरेसाठी मात्र उत्तम. हवा कोरडी, दिवसा पंचवीसच्या आसपास, संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो.

असं करा. पहिले दोन दिवस हनोई. हो ची मिन्हची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, इतर दिवशी फक्त सकाळी. गुडघ्यावरची चड्डी घातली असेल तर आत सोडत नाहीत, मुलालाही पूर्ण पँट घाला. तिथून जवळच १०७० सालचं साहित्य मंदिर. संध्याकाळी पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ, मुलगा खूश होईल. तिसऱ्या दिवशी सकाळी निन्ह बिन्ह, ९५ किमी. तिथल्याच ताम कोकला दोन रात्री राहा. चांग आनची होडी तीन तासांची असते, वाट डोंगराखालच्या गुहांमधून जाते, त्यामुळे चालणं फारसं नाही. पण बसायची फळी बुटकी आणि पाठीला टेकू नाही, तेव्हा आईंसाठी हवा भरायची उशी न्या. काही गुहांत छत इतकं खाली येतं की मान गुडघ्यात घालावी लागते. तिकीटखिडकीवर मार्ग विचारतात, कमी गुहांचा मागा. हांग मुआ टेकडीच्या ५०० पायऱ्या तुम्ही आणि मुलगा चढा, आई खाली चहा घेतील.

पाचव्या दिवशी निन्ह बिन्हहून हनोईला न परतता थेट हा लाँगच्या धक्क्यावर. साडेतीन तास धरा, बोटी बाराच्या सुमारास सुटतात. एक रात्र बोटीवर. बुकिंग करताना तीन गोष्टी लिहून मागा: खालच्या डेकवरची खोली, धक्क्यावरून बोटीवर चढायला शिडी की फळी, आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम. तीतोप बेटाच्या माथ्याला ४०० वर पायऱ्या आहेत, सुंग सोत गुहेतही चढउतार आहे. आईंना त्या वेळेत बोटीवरच थांबता येतं, आधी सांगून ठेवलं की झालं.

सुमाकाकू
आणि लान हा ची क्रूझ बघा, हा लाँगच्याच दक्षिणेला, कात बा बेटापाशी. डोंगर तेच, बोटी कमी. २०२३ पासून तोही भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे.

नकाशाबहाद्दर
काकू, बरोबर. आता मुख्य मेख सहाव्या दिवसाची. बोट साधारण अकराला सोडते. लोक हनोईला परत जाऊन विमान पकडतात, त्यात ३ तास जातात. त्यापेक्षा हाय फाँगचा कात बी विमानतळ जवळ आहे, तिथून सायगॉनला थेट विमानं आहेत. दुपारी ४ नंतरचं घ्या, त्याआधीचं नको. वादळ आलं की बंदर खातं सगळ्याच बोटी थांबवतं, कंपनीच्या हातात काही नसतं. नोव्हेंबरात शक्यता कमी, शून्य नाही. म्हणून सहाव्या दिवसाचं तिकीट तारीख बदलता येईल असं काढा.

भटकी_वांगी
एवढं जाताय तर अंगकोर करूनच या ना. सायगॉनहून सिएम रीप तासाभराचं विमान. एका दिवसाचा पास ३७ डॉलर.

प्राजक्ता_घाटावरची
वांगीबाई, त्यांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर कंबोडियातून परत आत घेणार नाहीत, आणि विमान सायगॉनहून आहे. पावशेर, व्हिसा काढलात ना?

पावशेर
एजंट म्हणाला तिथे उतरल्यावर मिळतो.

प्राजक्ता_घाटावरची
मिळत नाही! उतरल्यावर शिक्का मारून घ्यायचा तरी आधीचं मंजुरीपत्र लागतं. ई-व्हिसा काढा, आजच. सरकारी फी एकदा प्रवेशाची २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाची ५०. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन असेल तीच खरी साइट, दिसायला तशाच बाकीच्या दुप्पट-तिप्पट घेतात. ३ कामाचे दिवस म्हणतात, १० धरा.

चुका कुठे होतात: आपल्या आयांच्या पासपोर्टवर पुष्कळदा आडनावाचा रकाना कोरा असतो आणि अख्खं नाव दुसऱ्याच रकान्यात. फॉर्म भरताना आपण हौसेनं आडनाव वेगळं काढतो, आणि मग नाव जुळत नाही. पासपोर्टच्या तळाच्या दोन लांब ओळींत जसं छापलंय तसंच भरा. फोटो चष्म्याशिवाय. प्रवेशाचं ठिकाण नोई बाई विमानतळ (हनोईचा), बाहेर पडायचं तान सन न्यात (सायगॉनचा). चूक झाली तर दुरुस्ती होत नाही, नवा अर्ज आणि नवी फी.

चकलीवाला
मुद्दा सोडू नका. चाम लोकांची (मध्य व्हिएतनामातलं जुनं हिंदू राज्य यांचं) 'मी सोन' इथली शिवमंदिरं दा नांगपासूनच जवळ. भारतीय माणसानं तीच टाळायची?

रानवारा
चकलीवाल्यांना इथे मात्र +१. भद्रवर्मा राजानं चौथ्या शतकात भद्रेश्वराचं देऊळ तिथे उभारलं. १९६९ च्या अमेरिकन बाँबफेकीत बरंच गेलं. आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथे डागडुजी केली, २०२० मध्ये काम चालू असतानाच नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं.

प्राजक्ता_घाटावरची
ते सगळं खरं, आणि ते फेब्रुवारी ते ऑगस्टमध्ये बघावं. चाम शिल्पं हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयातही आहेत, छताखाली.

सुमाकाकू
शाकाहाराचं कुणीच सांगितलं नाही. तिथे शाकाहाराला 'चाय' म्हणतात. पाटीवर 'कोम चाय' किंवा 'क्वान चाय' दिसलं की निर्धास्त आत शिरा. बौद्ध पद्धतीची खाणावळ, कांदा-लसूणसुद्धा बहुधा नसतो. ताटात मटणासारखं दिसेल ते सोयाचं असतं, दचकू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला बरेच लोक चाय पाळतात, तेव्हा साध्या हॉटेलांतही मिळतं.
साध्या हॉटेलात मात्र 'फो चाय' (फो म्हणजे नूडल्सचं सूप) मागितलं तर मांसाचे तुकडे काढून तेच हाडांचं पाणी वाढायची शक्यता. माशाचं पाणी, 'नुओक माम', जवळजवळ सगळ्यात घालतात. 'खोंग नुओक माम' (माशाचं पाणी नको) हे मोबाइलवर लिहून दाखवा, बोलून उपयोग नाही. कारण हनोईत चहाला 'चा' म्हणतात, आणि तोच 'चा' जरा हेलकावून म्हटला की डुकराच्या मांसाचे वडे.

तांबडापांढरा
म्हणजे चाय मागितला की चहा मिळत नाही आणि चा मागितला की वडे. दंडवत.

नकाशाबहाद्दर
पैशांबद्दल एक. २० हजार आणि ५ लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळसर. पहिली साधारण ७० रुपयांची, दुसरी १७०० ची. ५ लाखाची बोटाच्या रुंदीएवढी जास्त लांब असते, पण रात्री रिक्षावाल्याला देताना कोण मोजतंय? दोन्ही वेगळ्या खिशांत ठेवा. शक्यतो 'ग्रॅब' अ‍ॅपवरूनच गाडी बोलवा, भाडं आधी दिसतं.

पावशेर
सगळ्यांचे आभार. आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना खरंच कोरा आहे, आत्ताच बघितलं. सातव्या दिवशी सायगॉनला कू चीचे युद्धातले बोगदे आणि मेकाँग नदी दोन्ही होईल ना?

नकाशाबहाद्दर
नाही. एकच. कू ची सकाळी ७ ला निघा, बेन दिन्हचा भाग जवळ पण गर्दीचा, बेन दुओक लांब आणि मोकळा. बोगद्यात ओणवं जावं लागतं, आईंनी वरच थांबायचं. मेकाँगकडचा काई रांगचा तरंगता बाजार हवा असेल तर कान थोला रात्री मुक्काम लागतो, पहाटे ५ ते ७ बाजार, नंतर रिकामी नदी.

घारापुरीचा_घारू
दा नांगचं विमान बुक आहे म्हणताय तर बा ना हिल्स अजिबात चुकवू नका, छान आहे!

प्राजक्ता_घाटावरची
घारू, वर वाचा.