दुसरा नंबर येऊनही घरी: कॉलेज आइस हॉकीत लीगच्या गुणतालिकेला किंमत किती?

निळीरेषा
2024-25 चा हंगाम घ्या. अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीच्या एनसीएचसी या लीगमध्ये ॲरिझोना स्टेट पहिल्याच वर्षी दुसरं आलं, डेन्व्हर त्यांच्या खाली. राष्ट्रीय विजेतेपदाच्या एनसीएए स्पर्धेचे सोळा संघ जाहीर झाले तेव्हा डेन्व्हर आत आणि ॲरिझोना स्टेट बाहेर. बिग टेन लीगमध्ये तोच प्रकार: चौथं मिशिगन बाहेर, पाचवं पेन स्टेट आत. मग पाच महिने लीगचे 24-24 सामने खेळायचे कशाला?

माझ्या दोन मागण्या आहेत. सध्या सहा लीगच्या प्लेऑफ विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या दहा जागा हंगामाच्या निकालांवरून काढलेल्या क्रमवारीच्या आकड्यांवर भरतात. त्यात गुणतालिकेत पहिल्या आलेल्या संघालाही थेट प्रवेश द्या. आणि त्या दहा जागा भरताना एकाच लीगमधला खालचा संघ वरच्याला ओलांडून आत जाणार नाही, असा नियम करा.

गोलीची_काठी
पहिली मागणी त्याच वर्षाला लावून बघा. पहिले आलेले संघ: हॉकी ईस्टमध्ये बॉस्टन कॉलेज, बिग टेनमध्ये मिशिगन स्टेट (मिनेसोटासोबत विभागून), एनसीएचसीत वेस्टर्न मिशिगन, ईसीएसीत क्विनिपिॲक, सीसीएचएत मिनेसोटा स्टेट. हे सगळे तसेही आत होतेच. उरलं ॲटलांटिक हॉकीतलं होली क्रॉस. ते लीगच्या अंतिम सामन्यात स्वतःच्याच रिंकवर बेंटलीकडून हरलं.

म्हणजे तुमच्या नियमाने फायदा एकट्या होली क्रॉसचा. ॲरिझोना स्टेटला शष्प मिळत नाही. आणि जागा कोणाची जाते? सीडिंगच्या (मानांकनाच्या) शेवटच्या गटात आकड्यांवर आलेला संघ एकच होता, पेन स्टेट. तेच पेन स्टेट पुढे फ्रोझन फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चारांत, गेलं.

निळीरेषा
म्हणूनच तर दुसरी मागणी आहे ना! मिशिगन पेन स्टेटच्या वर होतं की नाही?

गोलीची_काठी
होतं, आणि त्याचं बक्षीस त्यांना मिळालं. बिग टेनच्या उपांत्यपूर्व फेरीत चौथा विरुद्ध पाचवा, तीनपैकी दोन सामने जिंकायचे आणि सगळे वरच्या संघाच्या रिंकवर. पेन स्टेटने मिशिगनच्या योस्ट रिंकवर जाऊन पहिले दोन्ही सामने मारले. स्वतःच्या घरी ज्यांच्याकडून हरलात, त्यांच्याआधी आम्हाला घ्या हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? गुणतालिका प्लेऑफमध्ये घरचा बर्फ देते. तेवढंच तिचं काम.

मिनेसोटाकाकू
निळीरेषा, गुणतालिका वाचायला सोपी असते म्हणून ती खरी ठरत नाही. दोन गोष्टी तपासून घ्या.

एक, वेळापत्रक. ईसीएसीत 12 संघ आणि 22 सामने, म्हणजे प्रत्येकाशी दोनदा. बिग टेनमध्ये 7 संघ आणि 24 सामने, प्रत्येकाशी चारदा. इथे तालिकेवर विश्वास ठेवा. पण त्या वर्षीच्या एनसीएचसीत 9 संघ आणि 24 सामने होते, म्हणजे चार संघांशी चारदा आणि चार संघांशी दोनदाच. हॉकी ईस्टमध्ये 11 संघ: चौघांशी तीनदा, सहा जणांशी दोनदा. जादाचे सामने कोणाशी पडले यावर एखादी पायरी सहज वर-खाली होते.

दोन, गुण. लीगमध्ये साठ मिनिटांत जिंकलं की 3, ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये जिंकलं की 2, तिथे हरलं तरी 1. एनसीएएच्या लेखी मात्र शूटआउटला गेलेला सामना बरोबरीचाच. आता हिशोब करा. अ संघ: 12 सरळ विजय, 6 शूटआउट विजय, 6 सरळ पराभव. लीगचे गुण 36 अधिक 12, एकूण 48. ब संघ: 15 सरळ विजय, 9 सरळ पराभव. गुण 45. तालिकेत अ तीन गुणांनी पुढे. निवड समितीसमोर मात्र अ म्हणजे 12-6-6 (विजय-पराभव-बरोबरी) आणि ब म्हणजे 15-9, दोघांची विजयाची टक्केवारी .625. ज्याचे नेमबाज शूटआउटमध्ये चांगले, त्याला राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट द्यायचं का?

त्यात पेअरवाइजमध्ये, म्हणजे समितीच्या तेव्हाच्या क्रमवारीत, बाहेरच्या रिंकवरचा विजय 1.2 धरायचे आणि घरचा 0.8. लीगच्या तालिकेत घर काय नि दार काय, सगळं सारखंच.

तिसरापीरियड
काकूंचा हिशोब चोख आहे, पण खरी मेख ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आहे. लीगचे सामने सुरू झाले की एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराभव, पूर्ण लीगची बेरीज पन्नास टक्क्यांवरच राहते. लीग किती भारी हे ठरतं फक्त लीगबाहेरच्या सामन्यांत, आणि ते बहुतेक नाताळापर्यंत संपतात. हॉकी ईस्टच्या संघाला 34 पैकी असे 10 मिळतात. ईसीएसीतल्या आयव्ही कॉलेजांना मुळात 29 च सामने, त्यातून 22 लीगचे गेले की हातात 7. हॉकी ईस्टने शरदात बाकीच्या लीगना धुतलं म्हणून 2025 मध्ये त्यांचे तब्बल सहा संघ आत गेले. ॲरिझोना स्टेटचं नेमकं तिथेच फसलं. लीगबाहेर सुरुवातीला गमावलेलं जानेवारीनंतर लीगमध्ये कितीही जिंकून पुरतं भरून निघालं नाही, आणि लीगच्या उपांत्य सामन्यात डेन्व्हरनेच त्यांना हरवलं.

निळीरेषा
आता तुम्हीच माझी बाजू मांडताय. ऑक्टोबरमध्ये अर्धा संघ नवा असतो, गोली ठरलेला नसतो. तेव्हाचे आठ-दहा सामने सगळ्या लीगचं नशीब ठरवतात. त्या निकषावर एनसीएचसीचे दोनच संघ आत आले, वेस्टर्न मिशिगन आणि डेन्व्हर. दोघंही फ्रोझन फोरमध्ये पोचले, एकमेकांशी भिडले आणि वेस्टर्न मिशिगनने करंडक नेला. त्या लीगचा दुसऱ्या क्रमांकाचा संघ सोळात बसत नव्हता, हे मला पटत नाही.

तिसरापीरियड
ते स्पर्धेनंतरचं शहाणपण झालं. समितीला रविवारी जे दिसतं त्यावरच यादी करावी लागते. 2018 मध्ये मिनेसोटा-डुलुथ आणि मिनेसोटा यांच्या आरपीआयमध्ये (पेअरवाइजमधल्या मुख्य आकड्यात) फरक होता 0.0001. डुलुथ शेवटचं म्हणून आत आलं आणि विजेतं झालं. कुठेतरी रेघ मारावीच लागते. मारताना सगळ्यांना एकच पट्टी असली की झालं.

काठावरचा
पट्टी एकच म्हणताय? मग ॲलनटाउनचं बोला. यजमान कॉलेज पात्र ठरलं तर त्याला त्याच्याच रीजनलमध्ये (चार संघांच्या पहिल्या टप्प्यात) टाकायचं, असा नियम. 2025 मध्ये यजमान पेन स्टेट. मेन हॉकी ईस्टचे विजेते, पहिल्या गटाचं मानांकन, आणि पहिल्याच सामन्यात पेन्सिल्व्हेनियात पेन स्टेटसमोर. 5-1 ने हरले. 2015 मध्ये मायामीचंही तेच झालं: पहिलं मानांकन घेऊन प्रॉव्हिडन्स शहरात प्रॉव्हिडन्स कॉलेजशी खेळले, 7-5 ने गेले. तिथे तर यजमान ब्राउन होतं, प्रॉव्हिडन्सला प्रेक्षकांसाठी तिथे बसवलं. कोण आत, कोण बाहेर यावर डोकं फोडण्यापेक्षा आधी हे बंद करा. पहिल्या चार संघांना स्वतःच्या रिंकवर खेळू द्या. महिलांच्या 11 संघांच्या स्पर्धेत तसंच होतं.

गोलीची_काठी
याला माझा पूर्ण पाठिंबा. अडचण एकच: निवड रविवारी आणि सामने गुरुवार-शुक्रवारी. चार दिवसांत तिकिटं, हॉटेलं, टीव्हीचा ताफा. त्रयस्थ ठिकाण वर्षभर आधी ठरलेलं असतं म्हणून संयोजकांना ते सोयीचं पडतं.

मिनेसोटाकाकू
लीगच्या प्लेऑफमध्ये सहा-सात दिवसांत तेच सगळं जमवतात की.

एक लक्षात ठेवा, 2025-26 पासून पेअरवाइज गेलं आणि एनपीआय आलं. दोन संघांची समोरासमोर तुलना, समान प्रतिस्पर्धी वगैरे बाद. आता एकच आकडा: स्वतःचे निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, वर भारी संघाला हरवल्याचा बोनस. त्यामुळे मार्चमध्ये बबलवरचा, म्हणजे आत-बाहेरच्या काठावरचा, संघ बघताना 'आपण त्यांना दोनदा हरवलंय' हा हिशोब सोडा. आधी पहिल्या सोळाच्या बाहेरचे किती संघ आपापली लीग जिंकू शकतात ते मोजा. असे दोन निघाले तर रेघ 14 वर येते, तीन निघाले तर 13 वर.

निळीरेषा
आकडा बदलला, दुखणं तेच. गुणतालिकेत पहिल्या दोन संघांना जागा द्या, यावर मी ठाम आहे.

गोलीची_काठी
पहिले दोन? सहा लीग, बारा जागा, वर प्लेऑफचे विजेते वेगळे. आकड्यांवर येणाऱ्यांना चार जागाही उरायच्या नाहीत, आणि 2025 च्या हॉकी ईस्टमधल्या सहापैकी काही घरी. बॉस्टनवाल्यांना हे आधी समजावून या, मग बोलू.