भाच्याला अभ्यासिकेतून उठवायचं का?

बालाघाटचा
भाचा २५ वर्षांचा. अंबाजोगाईला बी.एस्सी. केली आणि तेव्हापासून संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या एका अभ्यासिकेत बसतोय. २०२३च्या तलाठी भरतीत राहिला. गेल्या वर्षी दुसऱ्या एका सरळसेवेत साडेतीन गुणांनी यादी हुकली. खोली, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला सात हजार जातात. ताई-दाजी ऊसतोडीला, दोघं मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगंमागं टोळीबरोबर कारखान्यावर जातात, आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली की त्यातले पोराचे पैसे आधी बाजूला काढतात.

माझं म्हणणं, आता पुरे. आयटीआयला इलेक्ट्रिशियनला घालावं. दोन वर्षांचा ट्रेड, वयाची वरची अट नाही. मी १६ वर्षं तालुक्याला मोटार वायंडिंग करतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरतो. फेब्रुवारी ते मे जेवायला फुरसत नसते. रात्रीची लाईट, व्होल्टेज पडलेलं, त्यात बोअर कोरडा पळाला की मोटार गेली. जुनी तार ओढून काढायची, एका स्लॉटात (खाचेत) तारेचे किती टर्न, म्हणजे वेढे, होते ते मोजून वहीत लिहायचं. एक टर्न चुकला तर तीच मोटार पंधरा दिवसांत परत दारात, सोबत शेतकऱ्याच्या शिव्या. असं काम शिकायला मला पोरगं मिळत नाही. तुमचं मत सांगा.

तिसरा मजला, खिडकीजवळ
मामा, मी भाच्याच्याच बाजूचा, त्याच अवस्थेतला. साडेतीन गुणांनी हुकलेल्याला उठवणं म्हणजे काठाला हात लागलेल्याला परत पाण्यात लोटणं. आणि आयटीआयचं एवढं कौतुक करताय म्हणून सांगतो. माझा थोरला भाऊ फिटर, वाळूजला ठेकेदाराकडं. सात महिने झाले की ब्रेक, म्हणजे कामावरून कमी. २४० दिवस भरले तर पोरगं कायम करा म्हणून हक्क सांगंल ना! पंधरा दिवसांनी तोच माणूस, तेच मशीन, फक्त गेटपास दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाचा आणि दुसऱ्या रंगाचा. त्याच्याकडं असे सहा रंग झालेत. परीक्षेत निदान ठेकेदार नसतो.

बालाघाटचा
ठेकेदार नसतो, पण गर्दी केवढी? तलाठ्याच्या ४,६४४ जागा आणि अर्ज दहा लाखांच्या वर. पोरं हुशार आहेत, मान्य. पण सव्वादोनशेत एक निघणार आणि बाकीचे सगळे 'थोडक्यात हुकलं' म्हणत परत बसणार. हे थोडक्यात हुकणं लई वाईट राव. सपशेल नापास झालेला निदान घरी येतो.

उदगीरची सासू
मामा, सोयरिकीचं पण बघा. आमच्याकडं मुलीवाले पहिलं विचारतात, "नोकरी कायम आहे का?" मोटारी भरतो म्हटलं की स्थळ पुढं सरकत नाही. पोलीस भरतीचं का बघत नाही? २०२४ला १७ हजारांवर जागा निघाल्या होत्या.

बालाघाटचा
उंची १६३ आहे, १६५ लागते. आणि सोयरिकीचं म्हणाल तर माझंही लग्न झालंय की हो.

जालन्याचा सळईवाला
दोघांनाही विरोध. अभ्यासिका सोडवा, पण वायंडिंगलाही लावू नका. मामा, तुमचाच धंदा ओहोटीला लागलाय हे तुम्ही बोलत नाही. मागेल त्याला सौर पंप योजनेतून शिवारात पॅनल उभे राहतायत. तिथं रात्रीच्या लाईटचं व्होल्टेज नाही, म्हणजे तुमचं निम्मं गिऱ्हाईक गेलं. वर पाच वर्षं दुरुस्ती कंपनीनंच करायची, गावच्या मिस्त्रीनं हात लावायचा नाही. दोन वर्षांनी पोरगं शिकून बाहेर पडंल तेव्हा मोटारी जळायच्या थांबलेल्या असतील.

मी जालन्याच्या एमआयडीसीत आहे. आमच्याकडं अडतं ते चांगल्या वेल्डरसाठी, मेंटेनन्सच्या माणसासाठी. संभाजीनगरातच आहे तर चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम ही प्रशिक्षण संस्था बघून यावं. सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन), टूल अँड डाय (साचे बनवणं) शिकलेल्याला ब्रेकची भीती नसते, कारण उद्या तो नाही आला तर मशीन उभं राहतं. ठेकेदार ब्रेक देतो तो फक्त बदली माणूस मिळतो त्यालाच.

बालाघाटचा
वर्मावर बोट ठेवलंत. यंदा एप्रिलात मोटारी कमीच आल्या, खोटं कशाला बोलू. पण एक बघितलं. मेच्या वादळात शेजारच्या गावात सौर पंपाचं स्ट्रक्चर वाकलं. शेतकऱ्यानं तक्रार टाकली, माणूस यायला वीस दिवस. उन्हात ऊस वाळला. शेवटी आम्हीच नळी टाकून शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी दिलं. कंपनीला तालुक्यात माणूस पाहिजे आणि तो नाही, माझा मुद्दा तोच आहे. घरावरच्या सोलरचंही तसंच. तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हणून लोक बसवतायत, पण पत्र्यावर चढून नीट अर्थिंग करणारा हात कुठंय? तार तीच, काम बदललं.

तिसरा मजला, खिडकीजवळ
म्हणजे कंपनीच्या एजन्सीचा ठेकेदारी माणूस. फिरून तिथंच आलात.

पांढरा कोट नाही, निळा
मध्येच विचारते, या भाच्याला बहीण आहे का? तिचं काय केलं?

बालाघाटचा
आहे. बारावीनंतर लग्न झालं. दहावीला ८४ टक्के होते तिला.

पांढरा कोट नाही, निळा
वाटलंच. सात हजार महिना तीन वर्षं म्हणजे अडीच लाख होतात. तेवढ्यात तिचं बरंचसं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, निघालं असतं. मी लातूरला तीन वर्षं करून नर्स झाले. माझीपण नोकरी कंत्राटीच. अकरा महिन्यांची ऑर्डर, मधे एक दिवसाचा खंड, त्या दिवशी मी डबा घेऊन बागेत जाऊन बसते कारण सासूला सांगितलेलं नाही. पण सहा वर्षांत एक महिना पगाराविना गेला नाही. उद्या काढलं तरी खासगीत परवा कामावर. अभ्यासिकेतल्या दादा, तुम्ही 'कायम' कशाला म्हणता ते मला कळत नाही.

तिसरा मजला, खिडकीजवळ
ताई, तुमच्या खंडाच्या दिवशी जे पोटात होतं ते होऊ नये, याला कायम म्हणतो. बस. आणि आम्हीही बदललोय. राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झाली, पर्याय सोडून लिहायला शिकतोय. राज्यानं पदवीवाल्यांना महिना १० हजारांचं प्रशिक्षण दिलं, त्यात माझे दोन मित्र कार्यालयात फायली लावत बसले. मुदत संपली, दोघं परत माझ्याच टेबलावर.

जालन्याचा सळईवाला
एवढं सगळं झालं, पण भाचा काय म्हणतो?

बालाघाटचा
परवा आला होता. दुकानात बसला, न सांगता एका मोटारीचा स्टेटर (तार भरलेला भाग) मोकळा केला. टर्न बरोबर मोजले, वहीत माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात लिहिले. मग म्हणाला, "मामा, डिसेंबरपर्यंत थांबा. तेव्हा एक पेपर आहे." आता दिवाळीलाच टोळी निघते, म्हणजे उचल त्याच्या आधी.

तिसरा मजला, खिडकीजवळ
मग डिसेंबरपर्यंतचे सात-सात हजार तुम्ही द्या की मामा. ताईच्या उचलीला हात नको.

बालाघाटचा
देतो. पण शनिवार-रविवार दुकानात पाहिजे. एसटीचं भाडं मी देईन.

पांढरा कोट नाही, निळा
आणि त्याच्या बहिणीला एकदा फोन लावा. जीएनएमला विवाहित चालतात.