विभाग ठेवा, पण गट यंत्रणेनुसार करा

कॉलेजच्या रोबो बनवणाऱ्या टीमचे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रामिंग असे तीन विभाग पाडावेत आणि कॅप्टन फायनल इयरचाच असावा, असा सल्ला दिला जातो. विभाग पाडले की टीम सुरळीत चालते, हे सुरुवातीपुरतं पटतं. चाचण्या सुरू झाल्या की मात्र रोबो अडतो तो नेमका दोन विभागांच्या सीमेवर. आमच्या रोबोकॉनच्या (कॉलेजांच्या रोबो स्पर्धेच्या) टीममध्ये रोबोचा हात वर गेला की एन्कोडरची (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरची) वायर ताणली जायची आणि कनेक्टरमधून सुटायची. मेकॅनिकलवाले म्हणायचे वायरिंग तुमचं, इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणायचे वायर न्यायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. शेवटी गट यंत्रणेनुसार केले: चाकांचा बेस एकाकडे, पकडणारा हात दुसऱ्याकडे, फेकणारी यंत्रणा तिसऱ्याकडे. प्रत्येक गटात तिन्ही शाखांची मुलं, आणि मैदानात ती यंत्रणा चालेपर्यंत जबाबदारी त्याच गटाची. विभाग उरले ते ज्युनिअर्सना शिकवायला आणि सामान सांभाळायला.

कॅप्टन फायनल इयरचाच हवा, याला मात्र माझा विरोध आहे. रोबोकॉनची थीम दरवर्षी बदलते (२००८ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा चक्क गोविंदा आणि दहीहंडी होती), त्यामुळे हात आणि फेकणारी यंत्रणा बहुधा नव्यानेच करावी लागते. पण बेस, मोटर ड्रायव्हर बोर्ड (मोटरला लागेल तशी वीज देणारं सर्किट) आणि त्यांचा कोड पुढेही वापरता येतो. निदान बेसचा गट तरी सेकंड किंवा थर्ड इयरच्या मुलाकडे द्या. फायनल इयरचा मुलगा पास होऊन गेला की कोणत्या एन्कोडरची वायर कुठल्या पिनला, हे विचारायलाही कोणी उरत नाही.